ऊन, आवक क्रमांक ४४१७

माझं आणि माझ्या मुलीचं फोनवरचं बोलणं साधारण चाळीस सेकंद चालतं. "जेवलीस का?" "जेवायचंय. तुम्ही?" "बसतोच आता. तब्येत?" "बरी आहे. आईला देता?" मग फोन तिच्या आईकडे जातो आणि पुढचा पाऊण तास त्या दोघी काय बोलतात, हे पाच महिन्यांत मला कळलेलं नाही. मी शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसलेला असतो. तो मी वाचत नसतो हे बायकोला माहीत आहे, कारण बहुतेक वेळा तो कालचा असतो.

त्या रविवारी बायकोने फोन ठेवला आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. आमच्या घरात असं क्वचित घडत असल्यामुळे मी आपणहून पेपर बाजूला ठेवला.

"रडली आज," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं असं तिला कळू देऊ नका."

मुलगी दुसऱ्या शहरात, डोळ्यांच्या एका दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढण्याचं काम करते. काम तिच्या आवडीचं, तिनेच निवडलेलं. पण दिवसभर काळोख्या खोलीत बसून साठ जणांना 'आता जास्त स्पष्ट दिसतं की मघाशी दिसत होतं' असं विचारायचं आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचं, याला ती कंटाळली होती. नोकरी सोडून परत येते म्हणत होती. परत यायला आमची कोणाची ना नव्हती. पण ती आईला म्हणाली होती, "आठवड्याचे सगळे दिवस सारखेच दिसतात गं." असं वाटायला माणसाला निदान सव्वीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात काढावी लागतात. ती मी काढली आहेत. पोरीला पाचच महिने झाले होते.

मी तिला लगेच उलट फोन लावला आणि एका दमात म्हणालो, "उद्यापासून रोज मी तुला माझ्या दिवसातली एक सुंदर गोष्ट सांगणार."

पलीकडून आलं, "बाबा, तुम्ही?"

त्या 'तुम्ही'वर तिने जेवढा जोर दिला तेवढा द्यायची गरज नव्हती. मी माझा आवाज शक्य तितका भारदस्त करून म्हणालो, "मी."

"बरं. सोमवार ते शुक्रवार, रोज एक. पण खरी हवी. बनवून सांगितलेली मला कळते."

आता माझं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. मी आवक-जावक विभागात आहे. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. मी त्यावर शिक्का मारतो, क्रमांक घालतो, तारीख टाकतो, तो कोणत्या विभागाचा ते कोपऱ्यात लिहितो आणि ट्रेमध्ये टाकतो. कागद पुढे गेला की माझा त्याच्याशी संबंध संपला. सगळं कार्यालय मला 'शिक्केवाले' म्हणतं. ही सवय हाडात इतकी मुरली आहे की एकदा बायकोने हातात दिलेल्या किराणा सामानाच्या यादीवर मी 'प्राप्त' असं लिहून सही केली होती. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी फक्त लेखी बोलत होती.

सोमवारी मी सौंदर्याच्या शोधात घराबाहेर पडलो. बसमध्ये काही नव्हतं. म्हणजे असेलही, पण माझं नाक एका गृहस्थांच्या काखेच्या पातळीवर होतं. कार्यालयात एकशे त्रेचाळीस कागद आले. दुपारपर्यंत माझी खात्री झाली की सौंदर्य ही सोमवारी मिळणारी वस्तूच नव्हे. आणि मग चारच्या सुमाराला एक अर्ज आला. अकरा दिवस नळाला पाणी नाही अशी तक्रार. पण अक्षर असं की मी शिक्का हवेत धरून थांबलो. एक ओळ वर नाही, एक खाली नाही. 'पाणी' या शब्दातली वेलांटी तर इतक्या प्रेमाने काढलेली की ज्याला ते मिळत नाही त्याने ती कशी काढली असेल याचं मला नवल वाटलं.

संध्याकाळी मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "छान आहे. मग मिळालं का त्यांना पाणी?"

मला माहीत नव्हतं. गेल्या सव्वीस वर्षांत मी पुढे पाठवलेल्या कोणत्याच कागदाचं पुढे काय झालं, हे मला माहीत नव्हतं. मी "बघतो" म्हणालो आणि तोंड लपवायला फोन बायकोकडे दिला.

एव्हाना ही बातमी इमारतीत पोचली होती. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना सगळे सर म्हणतात, आणि त्यांच्याकडे इमारतीचं सचिवपद असल्यामुळे गच्चीची किल्लीही असते. ते जिन्यात मला अडवून म्हणाले, "असं कुठेही सौंदर्य शोधत फिरू नका. पद्धतशीर जा. सूर्योदयापासून सुरुवात करा."

"मग किल्ली द्याल का?"

"अर्ज द्या. एका ओळीचा. कारण लिहा."

मी 'सूर्योदय पाहणे' असं लिहिलं. सरांनी ते लाल पेनाने खोडलं. नियमाप्रमाणे गच्ची फक्त टाकीच्या पाहणीसाठी उघडता येत होती, म्हणून त्यांनी वर 'टाकीची पाहणी' असं लिहिलं आणि मला दहापैकी सहा गुण दिल्यासारखं बघितलं. मंगळवारी पहाटे मी गच्चीत पाऊण तास उभा राहिलो. समोर नवीन इमारत झाली आहे, तिच्यामागे सूर्य उगवला असावा. आमच्याकडे तो पोचला तेव्हा मी बसथांब्यावर होतो. मात्र मी टाकी बघून आल्याचं इमारतीच्या सूचनाफलकावर लागल्यामुळे तीन कुटुंबांनी विचारलं, टाकीत काय सापडलं. मी काही नाही म्हणालो. मी काहीतरी लपवतो आहे असं ठरलं, आणि त्या दिवसापासून अख्खी इमारत पाणी उकळून पिऊ लागली.

अशा पाणउताऱ्यानंतर कार्यालयात बसवेना. मुलीचा प्रश्नही डोक्यातून जात नव्हता. म्हणून मी माझी खुर्ची सोडून त्या सुंदर अक्षराच्या अर्जाचं काय झालं ते बघायला तिसऱ्या मजल्यावर निघालो. लिफ्ट चौदा महिने बंद आहे. जिना चढून वर जायचं मला कधी कामच पडलं नव्हतं. कागद वर जातात, मी जात नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो तिथे एक उंच खिडकी आहे. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. खिडकीच्या काचा जुन्या, बुडबुड्यांच्या. त्यांच्यातून ऊन आत येत होतं आणि वरच्या बारा पायऱ्यांवरून उतरत होतं. पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत, आणि त्या झिजलेल्या जागी ऊन जरा साचल्यासारखं दिसत होतं. वरून एक बाई फाइली छातीशी धरून आल्या. त्यांची सावली पायरीगणिक मोडत मोडत माझ्यापर्यंत आली. त्या उन्हातून जाताना त्यांचा चेहरा क्षणभर असा उजळला की ओळखीच्या असून मला त्या ओळखू आल्या नाहीत. त्या गेल्या आणि मी खालच्या पायरीवर बसलो. सात-आठ मिनिटांत ऊन भिंतीवर सरकलं आणि गेलं.

तेवढ्यात आमचे ज्येष्ठ शिपाई आले. त्यांना सगळेजण मामा म्हणतात.

"चक्कर आली का?"

"नाही हो. बसलोय."

"बसायला खुर्ची आहे की तुम्हाला."

दुपारपर्यंत मला जिन्यात भोवळ आल्याचं सगळ्या कार्यालयाला कळलं होतं. दोन जणांनी लिंबूपाणी आणलं आणि एकाने त्याच्या मेव्हण्याच्या बाबतीत हे कसं सुरू झालं होतं ते सविस्तर सांगितलं. पण मला त्याचं काही वाटलं नाही. तो अर्ज वर एका ढिगाच्या तळाशी सापडला होता. मी तो सगळ्यात वर ठेवून आलो होतो. गुरुवारी त्या माणसाला पाणी आलं.

मंगळवारी संध्याकाळी मुलीला मी ऊन सांगितलं. ती मधे बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "कुठल्या रंगाचं होतं?" मी विचारात पडलो. "बुडबुड्यांची सावली पडते का?" मला माहीत नव्हतं. "उद्या बघा ना." आम्ही सहा मिनिटं बोललो. बायको समोर बसून घड्याळाकडे बघत होती.

बुधवारी मी तयारीनिशी गेलो. खिशात कागद, पेन. उगाच गोड गोड काही सुचायला नको म्हणून मी जे दिसलं ते माझ्या सवयीच्या भाषेत टिपलं: 'दुसरा व तिसरा मजला यांमधील जिन्याच्या खिडकीतून सकाळी १०.४० ते १०.४८ या वेळेत थेट ऊन येते. ते बारा पायऱ्यांवर पसरते. बुडबुड्यांची सावली पडते. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ऊन येते व डोळे दिपतात.' खाली येऊन कागद टेबलावर ठेवला. मुलीला सांगायच्या गोष्टी मनात घोळवत मी समोरचा ढीग उपसायला घेतला.

पुढचं मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण मी ते करत असताना तिथे नव्हतो. हात होते. हातांनी तो कागद उचलला, त्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक ४४१७ घातला, तारीख टाकली, कोपऱ्यात 'देखभाल विभाग' असं लिहिलं आणि ट्रेमध्ये टाकला. संध्याकाळी खिसे चाचपले तेव्हा कागद सापडला नाही. मी मुलीला आठवणीतूनच सांगितलं, बुडबुड्यांच्या सावल्यांसकट. ती म्हणाली, "उद्या परत सांगा." तिचा आवाज मला जरा वर आल्यासारखा वाटला.

देखभाल विभागाने चौदा महिन्यांत लिफ्ट दुरुस्त केलेली नाही. तळमजल्यावरचा नळ मी नोकरीला लागलो तेव्हापासून गळतो, आणि आम्ही पाणीपुरवठा कार्यालय आहोत. पण गुरुवारी दहा चाळीसला मी जिन्यात पोचलो तेव्हा एक रंगारी शिडीवरून उतरत होता. खिडकीच्या सगळ्या काचांना पांढरा ऑइलपेंट लागला होता. जिना दवाखान्यासारखा दिसत होता.

"तक्रार होती म्हणे," रंगारी म्हणाला. "ऊन येतं म्हणून."

तक्रार त्याच्याकडेच होती, शिडीला टाचलेली. माझं अक्षर, माझा शिक्का, आणि खाली आमच्या साहेबांचा शेरा: 'तातडीने कार्यवाही करावी.' मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात साहेब स्वतः जिना चढत आले, माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "स्वतःला भोवळ आली तरी इतरांचा विचार केलात. असे कर्मचारी हवेत." सव्वीस वर्षांत झालेलं माझं हे पहिलं कौतुक.

मी धावत देखभाल विभागात गेलो. तिथे त्याच बाई होत्या, फाइली घेऊन उतरणाऱ्या. मी म्हणालो, काचेवरचा रंग काढायचा आहे. त्यांनी छापील अर्ज पुढे केला. कारणापुढे चौकटी होत्या: गळती, मोडतोड, दुर्गंधी, धोका, इतर.

"यातलं कोणतं?"

"इतर."

"इतरला साहेबांची सही लागते. आणि काय ते स्पष्ट लिहावं लागतं."

"ते ऊन सुंदर दिसायचं," मी म्हणालो. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, भर कार्यालयात, दुसऱ्याच्या टेबलासमोर उभं राहून हे वाक्य म्हणणं सोपं नाही. माझे कान तापले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाल्या, "मी रोज त्याच वेळेला खाली यायचे. फाइली अकराला दिल्या तरी चालतात. पण मी दहा चाळीसलाच निघायचे. अकरा वर्षं. मला वाटायचं, माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही."

"मग रंग कशाला लावू दिलात?"

"तक्रार आली होती ना," त्या म्हणाल्या. "शिक्का होता. नंबर होता. मला वाटलं, कोणाला तरी त्रास होत असेल."

माझ्या शिक्क्याला कोणी इतका मान देत असेल हे मला माहीत नव्हतं. तो असा कामी यावा याची मला फार लाज वाटली.

त्या संध्याकाळी मुलीने विचारलं, "आज कसं होतं?" मी काय सांगणार? हे सगळं कळलं तर ती म्हणेल, बघा, सुंदर गोष्टींचं हेच होतं. मी म्हणालो, "तसंच होतं. छान होतं. सोनेरी."

ती म्हणाली, "बरं. आईला देता?"

तिला कळलं होतं. बायकोशीही ती त्या दिवशी पाचच मिनिटं बोलली, महिनाअखेर राजीनामा देते म्हणाली. बायकोने फोन ठेवला आणि मला विचारलं, "काय बोललात तुम्ही तिला?" मी पेपर उघडला. तो मंगळवारचा होता.

शुक्रवारी मी पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड खिशात घालून जिन्यावर गेलो. माझ्यासारख्या माणसाच्या खिशात हत्यार असलं की चाल आपोआप बदलते, त्यामुळे मामांना संशय आला आणि ते मागोमाग आले. मी खालच्या एका काचेवरचा रंग खरवडायला सुरुवात केली. बाई वरून फाइली घेऊन आल्या आणि माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. मामाही थांबले. अंगठ्याच्या नखाएवढी जागा मोकळी झाली आणि तिच्यातून उन्हाची एक रेघ आत आली. पायरीवर एक छोटा गोल पडला. आम्ही तिघं तो बघत होतो. मामा म्हणाले, "आणखी थोडं डावीकडे काढा." मी डावीकडे काढायला गेलो आणि तो गोल पायरीवरून नाहीसा झाला. खालून साहेब चढत होते, आणि तो त्यांच्या शर्टाच्या खिशावर पडला होता.

दुपारी माझ्यावर नोटीस निघाली. 'कार्यालयीन मालमत्तेचे विद्रूपीकरण का केले याचा खुलासा करावा.' नोटीस बाहेर जायची तर तिला जावक क्रमांक लागतो, म्हणून ती माझ्याच टेबलावर आली. मी क्रमांक घातला. मामा ती घेऊन दारापर्यंत गेले, वळले आणि मलाच आणून दिली. मी पोच दिली. आता ती माझ्याकडे आलेला कागद झाली होती, म्हणून मी तिच्यावर आवकचा शिक्का मारला. हे सगळं होईपर्यंत साहेब दारात उभे राहून बघत होते. मला वाटतं त्यांना थोडं हसू आलं असावं, पण पदाचा विचार करून त्यांनी ते आत घेतलं.

आठ वाजता बायकोच्या आधी मी फोन लावला.

"आज माझ्याकडे काही नाही," मी म्हणालो. "आणि काल मी खोटं बोललो."

मग मी सगळं सांगितलं. गच्ची, टाकी, ४४१७, रंगारी, अकरा वर्षं दहा चाळीसला निघणाऱ्या बाई, ब्लेड, साहेबांचा खिसा. मामा दारापर्यंत जाऊन परत आले तिथे ती हसायला लागली. मी बरीच मिनिटं काही न बोलता ते हसणं ऐकत बसलो. पाच महिन्यांत ते मी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नव्हतं हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "बाबा, आज माझ्याकडे एक आहे. सांगू?"

"सांग ना."

"आज एक आजोबा आले होते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, आज नवा चष्मा द्यायचा होता. आजी समोर स्टुलावर बसल्या होत्या. मी चष्मा घातला आणि म्हटलं, आता समोरची अक्षरं वाचा. तर ते अक्षरांकडे बघेचनात. आजींकडेच बघत बसले. मग म्हणाले, अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"मग?"

"आजी म्हणाल्या, तुमचं लक्ष नव्हतं तेव्हा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला त्यांच्यासमोर हसता येईना आणि रडताही येईना. पुढच्या पेशंटला पाच मिनिटं बाहेर थांबवलं मी. बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

मी ऐकतच होतो, पण बघत समोर होतो. बायको उद्याचे मटार सोलत बसली होती. कानामागून खाली येणारी तिच्या केसांची एक बट पूर्ण पांढरी होती. ती कधी पांढरी झाली याची माझ्याकडे कसलीही नोंद नव्हती. दाणे भांड्यात टाकताना ती प्रत्येक शेंग आधी उजेडात धरून आत कीड आहे का ते बघत होती. हे ती असंच करत आली असणार, अठ्ठावीस वर्षं, माझ्यापासून चार हातांवर.

"काय बघताय?" तिने विचारलं.

"काही नाही."

फोनमध्ये मुलगी म्हणाली, "सोमवारी मी आधी सांगणार हं. मग तुम्ही."

"राजीनाम्याचं काय?"

"बघू. त्या आजी पुढच्या महिन्यात येणार आहेत, त्यांचे स्वतःचे डोळे दाखवायला. तेवढं तरी बघू द्या मला."

बायकोने मटाराचा हात पदराला पुसला आणि सवयीप्रमाणे फोनसाठी पुढे केला.

"थांब जरा," मी म्हणालो. "आमचं बोलणं चाललंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने निम्म्या शेंगा माझ्यापुढे सारल्या आणि पुढची शेंग उजेडात धरली.